केर न काढलेली फेरी

फेरी ४११. कालावधी साठ वर्षे. सुरुवातीची लोकसंख्या ६२०. निघालेले: शून्य.

*

वेंगुर्ला बंदरात दिगंबर केळुसकरने एका ट्रॉलरच्या इंजिनाला कान लावला, दोन मिनिटं तसाच वाकून राहिला आणि म्हणाला, "पंप गेलो नाय ह्याचो. कोणीतरी उगाच उघडून ठेवलेलो आसा."

*

मंगळ वसाहत मंडळाची जाहिरात. दुसऱ्या यानासाठी जागा तेराशे. वयोमर्यादा पंचेचाळीस. परतीची सोय नाही. मुदतीअखेर आलेले अर्ज एकशे बेचाळीस, त्यांतले नऊ एकाच माणसाचे.

*

साठ-एक हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा बराच खाली होता. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी मिळून एकच भूखंड होतं. तरी आशियाच्या बाजूने तिथे कोरड्या पायांनी जाता येत नव्हतं. शेवटचा पाण्याचा पट्टा नव्वदेक किलोमीटरचा होता. माणसं तो ओलांडून गेली.

*

"आई, खिडकी बशीएवढीच आहे. पण मान वाकडी केली की पृथ्वी दिसते. तुझा चष्मा कपाटावर आहे, शोधत बसू नकोस." ओवी केळुसकर, पहिल्या यानातून, पाचवा दिवस.

*

दिवेलागणीनंतर केर काढू नये, असं कोकणात घरोघरी सांगतात. वेंगुर्ल्याच्या आदिगती प्रयोगशाळेत केर दिवेलागणीलाच निघत असे.

*

हा केर म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं.

प्रयोगशाळेच्या तळघरात समुद्राच्या पाण्याने गार ठेवलेले गणक होते आणि त्या गणकांत सहाशे वीस माणसं राहत. त्यांना प्रतिजन म्हणत. प्रतिजनाला शरीर नव्हतं. भूक होती, तहान होती, भीती होती, मुलंबाळं होत होती आणि ओळखीची चाळीसेक माणसं होती: आई, मामा, शेजारीण, भांडण होऊन अबोला धरलेला चुलता. या ओळखींच्या विणीला नातेजाळं असं नाव होतं. हे सहाशे वीस जण एका मोठ्या बेटाच्या किनाऱ्यावर वसवले होते. त्यांच्याभोवती त्या काळचे वारे वाहत होते, त्या काळचे प्रवाह होते. पलीकडे, क्षितिजाच्या खाली, रिकामं भूखंड होतं. प्रश्न एकच. ही माणसं तिकडे का जातील?

चारशे अकरा फेऱ्यांत ती गेली नव्हती. विभागप्रमुख डॉ. मंजिरी केळुसकर यांनी पाऊस आटवून पाहिला. शिंपले संपवले. बेटावरची गर्दी दुप्पट केली. कुतूहलाचं मूल्य इतकं चढवलं की लोक जेवण टाकून ढग बघत बसले. माणसं उपाशी मेली, एकमेकांच्या डोक्यात दगड घातले, डोंगरात शिरली. समुद्रापार जायला कुणी निघालं नाही.

प्रत्येक फेरी सुरू करताना पटावर एक खूण करायची असे. ती केली की फेरीतल्या रोजच्या दिवेलागणीला एक काम आपोआप होई. त्या दिवशी जे मेले किंवा दिसेनासे झाले, त्यांच्या नोंदी बाकीच्यांच्या स्मृतीतून पुसल्या जात. कारण साधं होतं. गेलेल्या एका माणसाची आठवण चाळीस जणांत चालू ठेवायची, म्हणजे गणकावर फुकटचा भार. हजार माणसं गेली की चाळीस हजार नोंदी. यंत्र मंदावत असे. म्हणून केर. प्रयोगशाळेतला प्रत्येक जण फेरी सुरू करणाऱ्याला सवयीने विचारी, "केर लावलास?" आणि उत्तरही सवयीनेच येई.

चारशे बारावी फेरी मंजिरीने सुरू केली त्या दिवशी सकाळी ओवीचं यान निघायचं होतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तिने फेरी चालू केली, पर्स उचलली आणि गाडीत जाऊन बसली.

*

चार दिवसांनी ती परत आली तेव्हा डॉ. डेल्मा वॉकर पडद्यासमोर पाय वर घेऊन बसली होती. डेल्मा पुरातत्त्वज्ञ. डार्विनहून आलेली, उत्तर ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांपैकी. दोन वर्षांत ती मराठी शिकली ती वेंगुर्ल्याच्या मासळीबाजारात, त्यामुळे तिचं साधं बोलणंही घासाघीस केल्यासारखं वाटे.

"तू केर नाही लावलास," ती म्हणाली.

मंजिरीने कपाळाला हात लावला. "बंद कर. वाया गेली फेरी."

"बस खाली. आणि रडून आलीयस ना, मग पाणी पी आधी. मुलगी चढली नीट?"

"चढली."

"हं. आता हे बघ. हा तराफा. फेरीतला सोळावा दिवस. प्रवाहात सापडला आणि गेला वाहून. दोन जण."

"तराफे नेहमीच वाहून जातात, डेल्मा. जवळजवळ प्रत्येक फेरीत."

"जातात. आणि मग दिवेलागण होते." डेल्माने पडद्यावर बोट टेकवलं. "या वेळी झाली नाही. म्हणजे झाली, पण कुणी विसरलं नाही. त्यानंतर पाचव्या दिवशी तीन तराफे निघाले. एकोणीस माणसं. तोच वारा, तोच प्रवाह, तीच दिशा. त्यांना दुसरीकडे जायचंच नव्हतं."

"शोधायला."

"शोधायला. आणि परत येता येत नाही, तूच घातलायस तो प्रवाह. भिजलेल्या बांबूवर परत निघालेले पश्चिमेला उघड्या समुद्रात जातात. मग एकोणीस जण आले नाहीत. एकोणीस गुणिले चाळीस किती?"

मंजिरी पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा बघत होती. साठ वर्षांत पलीकडे पोचलेले: १,३४०.

तेराशेच्या आसपास माणसं पोचल्याशिवाय एवढ्या मोठ्या भूखंडावर वस्ती टिकत नाही, असा हिशेब संशोधकांनी पूर्वीच केलेला होता. एवढी माणसं चुकून पोचत नाहीत, हेही सगळ्यांना मान्य होतं. म्हणजे ती ठरवून गेली. पण ठरवायला लावलं कशानं, तिथे गाडी अडली होती.

"हे शोधायला गेलेल्यांना शोधायला गेलेले," डेल्मा म्हणाली, "आणि हे त्यांना शोधायला गेलेले."

"हा धूर कसला?"

"पोचलेल्यांनी गवत पेटवलं. बेटावरच्या डोंगरावरून दिसतो. मी त्यांचा हेतू उघडून पाहिला. त्यांना म्हणायचं होतं, आम्ही बरे आहोत. इकडच्यांनी काय वाचलं, सांग बघू."

"या."

"दुसऱ्या दिवशी सहा तराफे." डेल्मा खुर्चीत मागे रेलली. ती हसेल असं मंजिरीला वाटलं होतं, पण ती हसली नाही. "दोनशे वर्षं आम्हाला विचारतात, तुमचे पूर्वज आले कशाला? शिकार कमी झाली का? पाऊस हटला का? कुतूहल होतं का? कुणीतरी कुणाच्या तरी नावाने हाका मारत आला असेल, हे कुणी विचारलंच नाही. आणि एक सांगून ठेवते. हे तुझं मॉडेल आहे. माझ्या आजीसमोर ठेवशील तर ती म्हणेल, आम्ही कुठून आलोच नाही, इथलेच आहोत. तिच्याशी वाद घालायला मला पाठवू नकोस."

*

पुढचे पंधरा महिने पडताळणीत गेले. केर लावलेल्या फेऱ्या, केर न लावलेल्या फेऱ्या. भुकेल्या बेटांवर, भरल्या बेटांवर. निकाल बदलला नाही.

या संशोधनाचा खर्च मंगळ वसाहत मंडळ करत होतं. त्यांना साठ हजार वर्षांपूर्वीच्या माणसांशी देणंघेणं नव्हतं. परत येता येणार नाही अशा ठिकाणी तेराशे माणसं आपणहून कशी जातील, एवढंच त्यांना हवं होतं. पहिल्या यानातून एकशे साठ गेले होते, त्यांत ओवी होती, संपर्क-मनोऱ्याची अभियंता. दर रविवारी तिचा निरोप येई. मंगळावर सगळं ठीक चाललं होतं आणि ठीक चाललेल्या ठिकाणी जायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

अहवालाचा शेवटचा परिच्छेद मंजिरीने तीनदा लिहिला. 'एकमार्गी ठिकाणची वस्ती वाढते ती तिथल्या सुखाच्या बातम्यांनी नव्हे. ती तुटलेल्या संपर्काने वाढते.'

"हा काढ," डेल्मा म्हणाली.

"खरं आहे ते."

"खरं आहे म्हणूनच काढ. कुणाला पाठवतेयस ते बघ."

"उद्या कुणी म्हटलं, निष्कर्ष लपवला, तर?"

"म्हणू दे. मी दुजोरा देईन, हो, लपवला, मीच सांगितलं होतं."

मंजिरीने परिच्छेद ठेवला. वाक्य चांगलं झालं होतं, हेही एक कारण होतंच. बारा ऑक्टोबरला तिने अहवाल पाठवला.

त्या दिवसांत मंगळ सूर्याच्या पलीकडे होता. दोन वर्षांतून एकदा येणारा हा काळ. त्याला मंडळात सूर्य-आड म्हणत. चार ते अठरा ऑक्टोबर कुणाचाही निरोप येणार नव्हता आणि सगळ्यांना ते आधीच कळवलेलं होतं.

एकोणीस तारखेला निरोप आला नाही. वीस तारखेलाही नाही. पंचवीस तारखेला मंडळाने जाहीर केलं की वस्तीशी संपर्क प्रस्थापित होत नाही. उपग्रहाच्या छायाचित्रांत घुमट उभे दिसतात. माणसं दिसत नाहीत, पण ती तशीही कधी दिसत नव्हती. दुसरं यान येत्या ऑगस्टला ठरल्याप्रमाणे निघेल. वयोमर्यादा रद्द करण्यात येत आहे.

अकरा दिवसांत दोन हजार नऊशे अर्ज आले.

*

"आर्सेकर, मला फक्त हो किंवा नाही सांगा."

मंडळाचे संपर्क अधिकारी आर्सेकर सभ्य माणूस होते. त्यांनी मंजिरीसाठी चहा मागवला, पंखा कमी केला, दार लावून घेतलं.

"मॅडम, तुमचा संशय मला कळतो."

"माझा अहवाल बारा तारखेला आला. सूर्य-आड अठराला संपला. मधल्या सहा दिवसांत कुणीतरी ठरवलं की आता तो संपवायचाच नाही. आयता पडदा होता, तो तसाच ओढून ठेवला."

"तुम्ही अभ्यासक आहात. पुरावा?"

"तुमच्याकडे आहे. नोंदी दाखवा."

"दाखवतो. उद्या सगळ्या नोंदी तुमच्यासमोर ठेवतो. त्यांत लिहिलेलं असेल की आम्ही रोज हाक मारतो आणि उत्तर येत नाही. तुम्ही म्हणाल, नोंदी खोट्या आहेत." त्यांनी चहाचा कप तिच्याकडे सरकवला. "आम्ही संपर्क मुद्दाम तोडला असता तर मी हेच बोललो असतो. तोडला नसता तरी हेच बोललो असतो. तुम्हाला कळायचं एकच ठिकाण आहे आणि ते इथे नाही."

मंजिरीने कप परत सरकवला.

"मी धमकी देत नाहीये, मॅडम," आर्सेकर ओशाळून म्हणाले. "माझा मेहुणा आहे तिथे. माझाही अर्ज गेलाय."

*

ती घरी आली तेव्हा तिचा नवरा दिगंबर ओसरीवर बसून हत्यारं तेलाने पुसत होता. पाने, पकडी, स्क्रू-ड्रायव्हर, सगळी लांबीप्रमाणे मांडलेली.

"हे काय?"

"वजन करतंय. सात किलो नेऊक देतत."

"कुठे?"

त्याने एक पाना उचलून उजेडात धरला. "पंप तपासूक माणूस व्हयो आसा त्यांका. फॉर्म भरलंय मी. छपन्न वरसांचो इंजिन मेकॅनिक चलता, म्हणाले. बरा वाटला आयकान."

मंजिरी पायरीवर बसली. तिला एवढंच हवं होतं की हा माणूस जाऊ नये. तिथे गेलेलं कुणी परत येत नाही. मुलगी गेली होती, तिथे आता हाही जाणार होता, आणि तिच्याच अहवालात लिहिल्याप्रमाणे जाणार होता.

"अहो, ऐका माझं. हे सगळं बनाव आहे. ओवी ठीक आहे तिथे. तुम्ही जावं म्हणून तिचा आवाज बंद केलाय."

दिगंबरने पाना खाली ठेवला. "खरा सांगतंस?"

"खरं."

"म्हणजे चेडू जिवंत आसा."

"हो."

"आणि ती रोज निरोप धाडता आणि वाटता तिका, की बापूस उत्तर देना नाय." तो उठला. "मगे तर जावकच व्हया."

*

बनाव आहे, हे तिने पनवेलच्या सभेतही सांगून पाहिलं. एका मंगल कार्यालयात पहिल्या यानातल्यांचे नातेवाईक जमले होते, चारेकशे माणसं. तिने पडदा लावला, चारशे बारावी फेरी दाखवली, प्रतिजन म्हणजे काय ते समजावलं, तराफे मोजून दाखवले. माणसं शांतपणे ऐकत होती. लहान मुलांना गप्प केलं जात होतं.

"म्हणजे मॅडम," मधल्या रांगेतून नंदुरबारच्या सुलभा गावित उठल्या, ज्यांचा धाकटा भाऊ वस्तीवर होता, "तुमच्या मते त्यांना काही झालेलं नाही."

"नाही. तुम्हाला ओढून नेण्यासाठी ही शांतता आहे. जाऊ नका. कुणीच गेलं नाही, तर त्यांना संपर्क सुरू करावाच लागेल."

"आणि तुमचं चुकत असेल तर?"

"तर…"

"तर ते संकटात आहेत. बरोबर ना? तुमचं बरोबर असेल, तर भाऊ सुखरूप आहे आणि कुणीतरी त्याचं तोंड दाबलंय. तुमचं चुकत असेल, तर तो मरायला टेकलाय." गावितबाईंनी पदर खोचला. "या दोन्हींत घरी बसायचं कुठल्या गोष्टीत आहे, तेवढं सांगा."

सभागृहात कुणीतरी टाळी वाजवली. मंजिरीने पडद्याकडे पाहिलं. तिथे अजून तराफे निघत होते.

दुसऱ्या दिवशी आणखी चारशे अर्ज आले. तिच्या भाषणामुळे, असं आर्सेकरांनी फोनवर सांगितलं. त्यांचा सूर आभाराचा नव्हता.

*

"तुझ्या त्या माणसांका सांगून बघितलंस?" दिगंबरने जेवताना विचारलं.

"कोणत्या माणसांना?"

"त्या पेटीतल्या. जाव नकात म्हणून."

तिने सांगून पाहिलं नव्हतं. प्रतिजनांना निरोप द्यायची सोय नव्हतीच. ती करायला तीन आठवडे लागले. डेल्माने मदत केली आणि मग दोघींनी बेटावर एक एक वाक्य सोडायला सुरुवात केली.

पलीकडे काही नाही, परत फिरा. निघालेले: १,३१०.

ते सगळे बुडाले. निघालेले: १,२९६. यातले बरेच जण मृतांना आणायला निघाले होते.

ते सुखात आहेत. निघालेले: १,४०२.

ही कुणीतरी रचलेली फसवणूक आहे. निघालेले: १,३८८.

ते स्वतःच सांगतायत, येऊ नका. निघालेले: १,५५५.

"हा एवढा का?" मंजिरीने विचारलं.

डेल्माने एका प्रतिजनाचा विचार उघडला. ती एक म्हातारी होती, मुलगी पलीकडे गेलेली. विचार तीन शब्दांचा होता. काहीतरी लपवतेय ती.

"माझी आई अशीच आहे," डेल्मा म्हणाली. "फोनवर बरी आहे म्हटलं की विमानाचं तिकीट बघते."

त्यांनी सदतीस वाक्यं सोडली. शेवटची काही तर वाक्यंही नव्हती, नुसता आवाज, नुसता उजेड, नुसती वास येणारी लाकडं किनाऱ्याला लागलेली. प्रत्येक गोष्टीचा अर्थ बेटावर एकच निघाला. मग मंजिरीने केर लावला. निघालेले: शून्य. बेटावर दिवेलागण झाली, माणसांनी जेवणं केली आणि म्हातारी आपल्या झोपडीत एक जास्तीची चटई का आहे, हे आठवायचा प्रयत्न करून झोपली.

"तर उपाय आहे," डेल्मा म्हणाली.

"तो उपाय नाही."

"मी कुठे म्हटलं, कर म्हणून."

मंजिरीने ते घरी जेवताना सांगितलं. म्हणाली, एकच गोष्ट थांबवते. माणूस आठवणीतून गेला पाहिजे.

दिगंबर हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. "गो, असा बटण आसात तर घेऊन ये. पयला तू दाब. मगे माझ्या डोक्यार हात ठेव."

वाटीतली सोलकढी त्याने संपवली, तिची तशीच होती, तीही त्याने ओढून घेतली.

*

अर्ज क्रमांक ३,३१२.

नाव: डॉ. मंजिरी दिगंबर केळुसकर.

वय: त्रेपन्न.

वस्तीवरील नातेवाईक: मुलगी.

सोबत जाणारे: पती (अर्ज क्रमांक २,०७०).

वस्तीला उपयोगी कौशल्य: (हा रकाना तिने आधी रिकामा ठेवला, मग 'स्वयंपाक' लिहिलं, मग खोडलं आणि 'गणन' लिहिलं.)

संपर्क तुटण्याचे कारण आपणांस माहीत असल्यास: नाही.

जाण्याचे कारण: (इथे पाच ओळींची जागा होती.)

अर्ज तपासणाऱ्या मुलीने शेवटचा रकाना दाखवून म्हटलं, "मॅडम, इथे काहीतरी लिहावंच लागतं."

"बाकीचे काय लिहितात?"

"बाकीचे नाव लिहितात नुसतं."

मंजिरीने नाव लिहिलं.

*

जुलैत तिने एक प्रयोग केला. तो कुठल्याच नोंदवहीत नाही.

तिचा थोरला भाऊ सदानंद कुडाळला असे. त्याच्या घरी ती चार दिवस राहिली आणि निघताना भिंतीवरचा आपल्या लग्नाचा फोटो काढून घेतला. दिवाणखान्यातल्या अल्बममधून आपले आणि ओवीचे फोटो काढले. वहिनीला म्हणाली, मी दिलेली ती जांभळी पैठणी कुणाला तरी देऊन टाक. भाचीला म्हणाली, मला पत्र लिहू नकोस.

सदानंद सगळं बघत होता. बस स्टँडवर सोडायला आला तेव्हा म्हणाला, "हे काय चालवलंयस?"

"काही नाही. घरात माझं नाव काढू नका, दादा. एवढं ऐक माझं."

"वेड लागलंय तुला."

"आपलं भांडण झालंय असं समज. आईच्या बांगड्यांवरून झालं होतं ना, तसं."

"त्या भांडणात मी तुला रोज शिव्या घालायचो," सदानंद म्हणाला. "रोज. सकाळी उठल्यावर पहिली तुलाच. तुझी वहिनी म्हणायची, एवढी आठवण येते तर फोन करा की." बस लागली. त्याने तिची बॅग वर चढवली, खिडकीशी आला. "पोचलीस की कळव."

"आणि नाही कळवलं तर?"

कंडक्टरने घंटी मारली.

"दादा, नाही कळवलं तर काय करशील?"

"मग बघू," तो म्हणाला.

बस निघाली. मंजिरीने खिडकीतून मागे पाहिलं. सदानंद जागचा हलला नव्हता. त्याला तीन मुलं होती, पाच नातवंडं होती, शेजारी होते, शाळेतले मित्र होते जे अजून संध्याकाळी ओट्यावर जमायचे. तिने मोजायला सुरुवात केली आणि चाळिसावर थांबली.

*

यानात कर्मचारी धरून तेराशे आठ माणसं बसली. दिगंबरला खिडकीशेजारची जागा मिळाली, ती त्याने तिला दिली. डेल्मा निरोप द्यायला आली होती. तिने मंजिरीला मिठी मारली आणि मासळीबाजारातल्या आवाजात म्हणाली, "मी येणार नाही हं. माझी वाट बघू नकोस. मी तुझा केर काढणार." मग तिने मान फिरवली.

*

वस्तीवरचा संपर्क-मनोरा नऊ ऑक्टोबरला पडला, अहवाल पाठवला त्याच्या तीन दिवस आधी. पाया खचला होता आणि नवा उभारायला सुटे भाग वस्तीवर नव्हते. कुणाला खरचटलंही नाही. ओवी तेव्हा खाली जेवत होती.